हरलेल्याच्या खुर्चीत बसून

माझ्या एका जुन्या मित्राशी राजकारणावरून माझे बोलणे तुटले, त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणाचाही आवाज चढला नव्हता. कोणी अपशब्द वापरला नाही, कोणी कोणाचे वाक्य मध्येच तोडले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन प्रौढ माणसे एका नव्या कायद्याच्या बऱ्यावाईट परिणामांबद्दल शांतपणे बोलत आहेत, असेच दिसले असते. तो त्या कायद्याच्या बाजूने होता, मी विरुद्ध. तासाभराने मी म्हणालो, “तुला हे मनापासून पटलेलंच नाही. तसं म्हणणं तुला सोयीचं आहे, एवढंच.” तो थोडा वेळ गप्प राहिला, मग “बरं” म्हणून उठला, आणि पुढचे सात महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या सात महिन्यांत मी स्वतःची अनेकदा समजूत घातली की माझे काही चुकलेले नाही, मी तर सभ्यपणे बोललो होतो. दुभंगलेल्या समाजात राजकीय चर्चा कशी करावी याविषयी जो उपदेश आपल्या कानावर पडतो, त्यातला बहुतेक सगळा सभ्यतेचाच असतो: आवाज चढवू नये, शिवीगाळ करू नये, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे. मी हे सारे पाळले होते आणि तरीही समोरच्या माणसाला चर्चेतून हाकलून दिले होते. त्यानंतर त्याने कितीही उत्तम युक्तिवाद केला असता तरी तो वाया गेला असता. कारण त्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी, तो युक्तिवाद त्याचा नाहीच, असा निकाल मी परस्पर देऊन टाकला होता.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळत राहिला, आणि माझे मत हळूहळू एका जागी येऊन स्थिरावले. चर्चेचे नियम ठरवताना आपण सहसा बोलणाऱ्याच्या जागेवरून विचार करतो, फार तर ऐकणाऱ्याच्या. तो हरणाऱ्याच्या जागेवरून करायला हवा. दुभंगलेल्या समाजात एकमत होणे हाच चर्चेचा हेतू मानला, तर तिथली प्रत्येक चर्चा फसलेलीच ठरेल. जमीन कोणाची, शाळेत कोणती भाषा शिकवायची, नागरिक कोणाला म्हणायचे, हे प्रश्न कितीही बोलल्याने विरघळून जाणारे नसतात, आणि शेवटी कोणाची तरी बाजू पडतेच. प्रश्न असा की ज्याची बाजू पडली, त्याने निकाल का मानावा? आपले म्हणणे जसे होते तसेच मांडले गेले, समजून घेऊन मग नाकारले गेले, आणि ते उद्या पुन्हा मांडायची वाट उघडी आहे, असे त्याला वाटत असेल तर तो मानतो. यातले एकही नसेल, तर त्याच्याजवळ निकाल मानण्याचे कारण म्हणून फक्त समोरच्याचे बळ उरते, आणि बळापुढे झुकलेला माणूस संधी मिळताच ताठ उभा राहतो.

या कसोटीवर घासून पाहिले की नेहमीच्या काही नियमांची किंमत वाढते आणि काहींची उतरते.

वाद कसा असावा याचा काटेकोर विचार न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन भारतीय परंपरेने, केलेला आहे. त्याने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. दोन्ही बाजू पुरावे आणि तर्क यांच्या आधारे सत्य शोधतात तो ‘वाद’. जिंकण्यासाठी वाटेल ते डावपेच लढवले जातात तो ‘जल्प’. आणि स्वतःचा कोणताही पक्ष, म्हणजे भूमिका, न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करत राहणे ही ‘वितंडा’. मराठीत आपण कोणत्याही निष्फळ भांडणाला ‘वितंडवाद’ म्हणतो, पण मूळ शब्दाचा अर्थ याहून नेमका आहे, आणि आजच्या राजकीय बोलण्यातला फार मोठा भाग त्या नेमक्या अर्थाने वितंडाच असतो. (जल्पाच्या डावपेचांत ‘छल’ आणि ‘जाती’ यांची गणना होते. इथे ‘जाती’ म्हणजे पोकळ साम्यावर उभे केलेले प्रत्युत्तर. समाजातल्या जातीशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे.) छलाचे त्या परंपरेतले ठरलेले उदाहरण घोंगडीचे आहे. ‘हा नवकंबल आहे’ असे कोणी म्हणाले, म्हणजे या माणसाजवळ नवी घोंगडी आहे, तर प्रतिपक्षी ‘नव’चा अर्थ ‘नऊ’ असा घेतो आणि विचारतो की याच्याजवळ तर एकच दिसते, बाकीच्या आठ कुठे आहेत? तासाभराच्या भाषणातले अकरा सेकंद कापून दाखवणारा माणूस स्वतःला फार आधुनिक समजत असेल, पण त्याची युक्ती दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे आणि तिला नावही तेव्हाच ठेवून झालेले आहे.

मात्र वितंडेबद्दल माझे मत त्या शास्त्रकारांइतके कडक नाही. “नुसती टीका काय करता, पर्याय द्या” ही मागणी ऐकायला वाजवी वाटते. पण ती पुष्कळदा अशा माणसाकडे केली जाते ज्याचे घर धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. देशाच्या विजेची तजवीज करून दाखवल्याशिवाय त्याने आपले घर बुडते आहे असे म्हणू नये काय? हरणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर नुसते ‘नको’ म्हणण्याचा हक्क राखणे भाग आहे. जो सत्ता मागतो आहे, त्याने मात्र स्वतःचा पक्ष मांडलाच पाहिजे. वितंडा सामान्य माणसाला शोभते, उमेदवाराला नाही.

याच परंपरेतली दुसरी गोष्ट पूर्वपक्षाची. आपला सिद्धान्त मांडण्याआधी विरोधकाचे म्हणणे त्याच्या कारणांसह मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे. या पद्धतीचे आपण भरभरून कौतुक करतो, आणि ते योग्यही आहे. पण तिच्यात एक मोठे भगदाड आहे, आणि ते चार्वाकांच्या, म्हणजे वेद आणि परलोक न मानणाऱ्या प्राचीन जडवाद्यांच्या, बाबतीत लख्ख दिसते. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ काहीच उरलेले नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून आलेले आहे. ते मांडणे प्रामाणिक होते की नव्हते, हे सांगायला एकही चार्वाक शिल्लक नाही. म्हणून पूर्वपक्ष नीट मांडला गेला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मांडणाऱ्याकडे ठेवून चालत नाही. ज्याचा तो पक्ष आहे त्याने तो वाचून ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणायला हवे, आणि तसे म्हणण्यासाठी तो त्या दालनात हजर असायला हवा. सार्वजनिक चर्चेचा एकच नियम निवडायची पाळी माझ्यावर आली, तर मी हा निवडेन.

आता हेतूंबद्दल, कारण माझा स्वतःचा पाय तिथेच घसरला. ‘त्याला पैसे मिळाले आहेत’, ‘हिला द्वेष पसरवायचा आहे’, ‘हे लोक मुळात देशाचे नाहीतच’ या साऱ्या विधानांत एक समान सोय आहे: समोरच्याच्या मुद्द्याला हात न लावता तो निकालात काढता येतो. तरीही ‘हेतूंविषयी कधीच बोलू नये’ असा सरसकट नियम मला मान्य नाही. खाणीच्या परवान्यावर मत देणाऱ्या लोकप्रतिनिधीची त्याच खाणीत भागीदारी असेल, तर ते विचारणे गैर तर नाहीच, कर्तव्य आहे. फरक असा की भागीदारी कागदावर दाखवता येते, तिला उत्तर देता येते, ती खोटी असेल तर खोटी ठरवता येते. मनातला कपटीपणा दाखवताही येत नाही आणि नाकारताही येत नाही. ज्या आरोपातून सुटायला आरोपीजवळ कोणताच मार्ग नाही, तो आरोप चर्चेत आणू नये. माझ्या मित्राने माझ्या वाक्याला काय उत्तर द्यायचे होते? मनापासून पटल्याचा पुरावा तो कुठून आणणार होता?

संसदांनी या प्रश्नावर एक जुनी, थोडीशी विचित्र वाटणारी युक्ती काढलेली आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सदस्य एकमेकांना थेट उद्देशून बोलत नाहीत. बोलायचे ते अध्यक्षांना, आणि दुसऱ्या सदस्याचा उल्लेख करायचा तो नावाने नव्हे तर त्याच्या मतदारसंघाने. त्याला खोटारडा म्हणता येत नाही, त्याचे विधान चुकीचे आहे असे म्हणता येते. तरुणपणी मला हा सगळा दांभिकपणा वाटत असे. आता वाटते की मतदारसंघाचे नाव उच्चारावे लागणे, यात काहीतरी शहाणपण आहे. समोरच्या माणसाच्या मागे हजारो माणसे उभी आहेत आणि त्याला हिणवताना आपण त्यांनाही हिणवत आहोत, याची आठवण प्रत्येक वाक्याला करून दिली जाते.

अर्थात नियम पुस्तकात असून भागत नाही. १८५६ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सिनेटमध्ये उत्तरेतले सिनेटर चार्ल्स समनर यांनी गुलामगिरीविरुद्ध दोन दिवस चाललेले भाषण केले आणि त्यात दक्षिणेतल्या एका गैरहजर सिनेटरची, अँड्र्यू बटलर यांची, त्यांच्या बोलण्यातल्या दोषासकट टिंगल केली. भाषण संपल्यावर दोन दिवसांनी, २२ मे रोजी, बटलर यांचे नातेवाईक आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य प्रेस्टन ब्रुक्स यांनी सभागृहात बसलेल्या समनर यांना काठीने इतके मारले की पूर्ववत कामावर यायला त्यांना सुमारे तीन वर्षे लागली. या प्रकरणात मला सर्वांत भयंकर वाटतो तो नंतरचा भाग. ब्रुक्स यांना बडतर्फ करण्याइतकी मते प्रतिनिधिगृहात पडली नाहीत. त्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवले, चाहत्यांनी तर त्यांना नव्या काठ्या भेट दिल्या. समनर यांनाही त्यांच्या राज्याच्या विधिमंडळाने पुन्हा निवडले आणि ते परतेपर्यंत त्यांची खुर्ची रिकामी राहिली. एकाच घटनेत देशाच्या एका भागाला गुन्हा दिसला आणि दुसऱ्या भागाला पराक्रम. पाच वर्षांच्या आत त्या देशात यादवी सुरू झाली.

पण याच काळातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय हे उदाहरण देणे अप्रामाणिक होईल, कारण समनर यांनी जरा सौम्य बोलायला हवे होते, असा धडा त्यातून कोणीही सहज काढेल. १८३६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने एक नियम केला: गुलामगिरीविरुद्ध येणारे अर्ज चर्चेशिवाय बाजूला ठेवायचे. समर्थन असे की हा विषय निघाला की सभागृहातले वातावरण बिघडते, सौहार्द राहत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स, जे तेव्हा साधे सदस्य म्हणून त्या सभागृहात बसत होते, वर्षानुवर्षे हे अर्ज काही ना काही युक्तीने पुढे आणत राहिले, त्यांच्यावर ठपका ठेवण्याचे प्रयत्न झाले, आणि १८४४ मध्ये तो नियम अखेर रद्द झाला. त्या आठ वर्षांतले सौहार्द कोणाच्या जिवावर टिकले होते? ज्यांच्याबद्दल बोलायचे नाही असे ठरले होते, ते त्या सभागृहात बसलेले नव्हते, मतदारही नव्हते, आणि कायद्याच्या लेखी दुसऱ्याची मालमत्ता होते.

म्हणून ‘जरा नीट बोला’ हे वाक्य ऐकले की मी आता आधी पाहतो, ते कोण कोणाला म्हणते आहे. शांतपणा ही ज्याचे सारे सुरळीत चालले आहे त्याला स्वस्तात मिळणारी वस्तू आहे. ज्याच्या जिवावर बेतले आहे त्याचा आवाज चढणारच, आणि चढलेला आवाज हा नियमभंग मानला तर नेमके त्याचेच म्हणणे वगळले जाते. कठोर शब्द आणि तुच्छ लेखणारा शब्द यांत मी फरक करतो. ‘तुमच्या या निर्णयाने माणसे मेली’ हे कठोर आहे, पण त्याला उत्तर देता येते. ‘तुमच्यासारख्यांकडून दुसरी अपेक्षा नव्हती’ हे मवाळ सुरात म्हटले तरी तुच्छतेचे आहे, आणि त्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही.

इथपर्यंत मी विरोधकाशी कसे वागावे याबद्दल बोललो. माझ्या मते अधिक अवघड भाग आपल्याच माणसांचा आहे. २००५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात एक प्रयोग झाला. बोल्डर या उदारमतवादी शहरातल्या लोकांचे वेगळे गट आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज या परंपरावादी शहरातल्या लोकांचे वेगळे गट करून त्यांना हवामानबदल, समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता आणि नोकरी-शिक्षणात वंचित गटांना प्राधान्य या विषयांवर आपापसांत चर्चा करायला सांगितले. चर्चेआधी प्रत्येक गटात थोडेफार मतभेद होते. चर्चेनंतर ते कमी झाले, आणि दोन्ही शहरांचे गट आपापल्या टोकाकडे सरकले. कोणी कोणाला फसवले नव्हते, कोणी उद्धटपणाही केला नव्हता. फक्त आपल्यासारख्यांशी बोलत राहिले की हे असे होते.

समविचारी लोकांच्या बैठकीत एखादी चुकीची बातमी कशी फिरते ते मी स्वतः पाहिले आहे. ती खोटी असल्याचे चारपाच जणांना माहीत असते. ते बोलत नाहीत, कारण बोलणारा माणूस ‘त्यांचा’ ठरतो, आणि ‘आत्ता ही वेळ नाही’ हे पालुपद नेहमी हाताशी असते. मीही गप्प बसलेलो आहे. त्या वेळी मी स्वतःला सांगितले होते की बातमी खोटी असली तरी आमचा मुद्दा खरा आहे. विरोधकाची चूक दाखवायला धैर्य लागत नाही, टाळ्या मिळतात; आपल्या माणसाला ‘हे खरे नाही’ असे भर बैठकीत सांगायला मात्र मैत्री पणाला लावावी लागते. हरणाऱ्याच्या नजरेने पाहावे तर त्याला निकाल मानण्याइतका विश्वास यातूनच येतो, जिंकणाऱ्यांतला एखादा तरी माणूस खोट्याला खोटे म्हणाला यातून.

आपल्याच लोकांत राहण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे विरोधक आहे त्याहून भीषण दिसू लागतो. २०१९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत दोन्ही प्रमुख पक्षांच्या समर्थकांना विचारले गेले की विरुद्ध पक्षातले किती लोक टोकाची मते बाळगतात. त्यांचे अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाले. म्हणजे जो शत्रू डोळ्यांसमोर ठेवून माणसे बोलत होती, तो निम्मा त्यांनीच घडवलेला होता.

कारणे कोणत्या प्रकारची द्यावीत, हा तत्त्वज्ञांचा आवडता प्रश्न. जॉन रॉल्स यांचे म्हणणे थोडक्यात असे की सत्तेच्या वापराबद्दल बोलताना, वेगळी श्रद्धा असलेल्या नागरिकालाही तोलता येतील अशी कारणे द्यावीत. केवळ माझ्या धर्मग्रंथात आहे म्हणून सर्वांवर कायदा लादावा, असे म्हणू नये. कायदा करणाऱ्यासाठी हे मला पूर्ण मान्य आहे. पण सामान्य माणसाने आपल्या मनातले खरे कारण बाहेर ठेवून, दुसरे एखादे शोभिवंत कारण हातात धरून सभेत यावे, अशी अपेक्षा धरली तर सभेत मुखवटे तेवढे जमतील. गुलामगिरीविरुद्ध लढलेले अनेक लोक आणि मार्टिन ल्यूथर किंग हे धर्माच्याच भाषेत बोलले. रॉल्स यांनाही ते दिसत होते. म्हणूनच त्यांनी पुढे आपली अट सैल केली आणि श्रद्धेची कारणे द्यायला हरकत नाही, मात्र यथावकाश सर्वांना तोलता येतील अशी कारणेही द्यावीत, असे म्हटले.

मर्यादांचे काय? कोणाचेच ऐकून घेऊ नये असे काही आहे की नाही? असहिष्णूंना सहन करत राहिले तर सहिष्णुताच संपेल, हा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा १९४५ चा मुद्दा आज जो तो विरोधकाचे तोंड बंद करण्यासाठी उद्धृत करतो. त्याच ठिकाणी पॉपर यांनी असेही म्हटले आहे की जोवर अशा विचारांना युक्तिवादाने आणि लोकमताने रोखता येते, तोवर ते दडपणे शहाणपणाचे नाही. दडपण्याचा हक्क राखायचा तो जे युक्तिवादाला उत्तर म्हणून मुठी आणि पिस्तुले वापरायला शिकवतात त्यांच्यासाठी. ही दुसरी बाजू सहसा वगळली जाते. माझी रेघही साधारण तिथेच आहे: हिंसेची चिथावणी, आणि समोरच्या नागरिकाचा पुढच्या मतदानात भाग घेण्याचा हक्कच काढून घेण्याची मागणी. पहिलीसाठी कायदा असावा. दुसरी मागणी करणाऱ्याला बोलू द्यावे, पण ती हरलेल्याची परतीची वाट बुजवणारी आहे, हे दर वेळी सांगावे आणि तिच्याशी देवाणघेवाण करू नये.

बंदी घालून काय साधते, याचे एक काहीसे हास्यास्पद उदाहरण ब्रिटनचे आहे. ऑक्टोबर १९८८ पासून सप्टेंबर १९९४ पर्यंत तिथे शिन फेन हा आयर्लंडच्या एकीकरणाची मागणी करणारा पक्ष आणि उत्तर आयर्लंडमधल्या आणखी काही संघटना यांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी होती. आवाजाला बंदी, शब्दांना नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीवर त्या नेत्यांचे ओठ हलत आणि त्यावर एखाद्या नटाच्या आवाजात तेच शब्द ऐकू येत. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, ज्या करारातून तिथला हिंसाचार बव्हंशी थांबला, त्या वाटाघाटींत शिन फेनही सहभागी होता. जे शेवटी टेबलावर यायचेच होते, त्यांना सहा वर्षे परक्या आवाजात बोलायला लावून काय मिळाले, कोण जाणे.

गैरहजर माणसाचा विचार कसा करावा, याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण भारताच्या संविधान सभेतले आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूंनी भावी संविधानाच्या उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा मुस्लिम लीगचे सदस्य सभागृहात आलेलेच नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. मु. रा. जयकरांनी दुरुस्ती सुचवली की ते येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा. सभागृहाचा कल स्पष्टपणे ठरावाच्या बाजूने होता, आणि जयकरांना बरेच ऐकून घ्यावे लागले. १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जयकरांची बाजू घेतली. ठराव करण्याचा अधिकार सभेला आहे की नाही हा प्रश्न वेगळा आणि तसे करणे शहाणपणाचे आहे की नाही हा वेगळा, असे त्यांनी मांडले. लोकांना घाबरवणाऱ्या घोषणा आणि शब्द बाजूला ठेवावेत, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्यावी, म्हणजे ते आपणहून बरोबर येतील, असेही सांगितले. ठरावावरचे मतदान पुढे गेले आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो मंजूर झाला. लीग तोवर आलीच नाही, त्या वर्षी फाळणीही झाली; थांबण्याचा उपयोग झाला नाही, असे म्हणता येईल. काही संस्थानांचे प्रतिनिधी एप्रिलपासून येऊ लागले. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की भरघोस बहुमत हाताशी असलेल्या सभेने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून महिनाभर हात आवरला.

त्याच सभेतली आणखी एक गोष्ट. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या दुरुस्त्यांनी त्यांना भंडावून सोडणाऱ्यांचे नावे घेऊन ऋण मान्य केले: कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा, कुंझरू. सगळेच पक्षशिस्तीने गप्प राहिले असते तर कामकाज नीरस झाले असते, असे ते म्हणाले. यांचे म्हणणे आपण स्वीकारू शकलो नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. यांतले बरेचजण मतदानात पुन्हा पुन्हा हरले होते.

रचनेबद्दल थोडेसे, कारण सगळे माणसांच्या चांगुलपणावर सोपवून चालत नाही. गर्भपाताच्या प्रश्नावर आयर्लंड दीर्घकाळ दुभंगलेला होता. १९८३ मध्ये सुमारे ६७ टक्के मतदारांनी गर्भपातावरची बंदी राज्यघटनेत घालणारी दुरुस्ती मंजूर केली होती. २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेले ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय अशी नागरिकसभा बसवण्यात आली. या विषयासाठी त्यांना पाच शनिवार-रविवार मिळाले. ते लहान गोल टेबलांभोवती बसत, प्रत्येक टेबलावर सर्वांना बोलायला मिळते आहे हे पाहणारा एक माणूस असे, आणि तज्ज्ञांबरोबर दोन्ही बाजूंच्या संघटनांनाही ऐकले गेले. त्यांनी बदलाची शिफारस केली, आणि मे २०१८ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के लोकांनी ती दुरुस्ती रद्द केली. या निकालाने ज्यांचे मन दुखावले ते आजही दुखावलेले आहेत. निकाल मात्र त्यांनी मानला. पुन्हा निवडणूक लढवायची नसलेली, एकमेकांचे चेहरे दिसतील इतक्या जवळ बसलेली आणि घाई नसलेली माणसे, एवढ्या तीन गोष्टी जुळवून आणल्या तर किती फरक पडतो, याचा विचार आपण फारसा करत नाही.

सात महिन्यांनी मीच मित्राला भेटायला गेलो. जाताना एक कागद बरोबर नेला होता. त्या कायद्याबद्दलचे त्याचे म्हणणे, त्याच्या बाजूने, मला जमेल तितक्या ताकदीने मी दोन पाने लिहून काढले होते. त्याने ते वाचले, पेन मागितले आणि पहिला परिच्छेद सरळ खोडला. “हे आमच्यातले मूर्ख लोक म्हणतात. मी नाही,” तो म्हणाला. दुसऱ्या पानावर त्याने समासात तीन ओळी वाढवल्या. त्यांतल्या एका मुद्द्याला माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही. मग त्याने कागदाची मागची बाजू उलटली, वर माझे नाव लिहिले आणि माझे म्हणणे लिहायला सुरुवात केली. तिसऱ्याच वाक्यावर मी त्याला थांबवले, कारण ते मी कधीच म्हटलेले नव्हते.